जीपीएसमधून येणारी पल्स म्हणजेच यूटीसी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. छतावर अँटेना बसवला, खाली टायमिंग रिसीव्हर ठेवला की त्यातून दर सेकंदाला एक पल्स मिळते आणि ती यूटीसीपासून, म्हणजे सगळ्या जगाने मानलेल्या प्रमाण वेळेपासून, काही दहा नॅनोसेकंदांपेक्षा लांब नसते असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. उपग्रहावर अणुघड्याळ आहेच. मग निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळा आपली घड्याळे एकमेकांशी ताडून बघायला एवढा खटाटोप का करतात, आणि तो होतो तरी कसा?

बहुतेक कामांसाठी ती पल्स यूटीसी मानावी, काही बिघडत नाही. मोबाइलच्या जाळ्यात टॉवरांच्या वेळेला साधारण दीड मायक्रोसेकंदाची मुभा असते. ५० हर्ट्‌झच्या वीजजाळ्यात वेळ ३२ मायक्रोसेकंदांनी चुकली तर फेजरचा, म्हणजे विजेच्या लहरीची त्या क्षणाची स्थिती दाखवणाऱ्या राशीचा, कोन अर्ध्या अंशाहून किंचित जास्त सरकतो. असल्या कामात नॅनोसेकंदांचा कीस पाडण्यात अर्थ नाही. पण 'माझे घड्याळ यूटीसीपासून पाच नॅनोसेकंदांत आहे' असे तुम्हाला म्हणायचे असेल आणि ते दुसऱ्याला पटवूनही द्यायचे असेल, तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा ती यूटीसी मुळात असते कुठे, इथून सुरुवात करावी लागते.

यूटीसी कुठल्याही घड्याळावर दिसत नाही. ती हिशेबात असते आणि तो हिशेब महिना उलटल्यावर लागतो. पॅरिसजवळ सेव्र इथे बीआयपीएम, म्हणजे आंतरराष्ट्रीय वजने आणि मापे कार्यालय आहे. जगातल्या ऐंशीहून अधिक प्रयोगशाळा आपल्या अणुघड्याळांच्या नोंदी तिथे पाठवतात. घड्याळे चारशेहून जास्त, बहुतेक सीझियमची किंवा हायड्रोजन मेसर. ज्याची चाल अंदाजाबरहुकूम राहते त्याला सरासरीत जास्त वजन मिळते. या सरासरीची चाल सीझियम फाउंटनसारख्या प्राथमिक मानकांशी ताडून सुधारली की आंतरराष्ट्रीय अणुवेळ, टीएआय, तयार होते. तिच्यातून सुरुवातीचा दहा सेकंदांचा फरक आणि पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला त्यानंतर अधूनमधून घातलेले लीप सेकंद वजा केले (१ जानेवारी २०१७ पासून एकूण ३७ सेकंद) की यूटीसी. मग 'सर्क्युलर टी' या मासिक पत्रकात प्रत्येक प्रयोगशाळेला कळते की गेल्या महिन्यात दर पाच दिवसांनी तिची वेळ खऱ्या यूटीसीपासून किती नॅनोसेकंद दूर होती.

म्हणजे आज, या क्षणी, कोणाकडेच यूटीसी नसते. असतो तो प्रत्येकाचा अंदाज. ब्राउनश्वाइगच्या पीटीबीचा अंदाज यूटीसी-पीटीबी, वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेचा यूटीसी-यूएसएनओ, असे ते ओळखले जातात. उत्तम प्रयोगशाळांचे अंदाज काही नॅनोसेकंदांतच बसतात. इतरांसाठी १०० नॅनोसेकंदांच्या आत राहावे अशी शिफारस आहे.

तुमच्या रिसीव्हरमधली पल्स या साखळीत आणखी एक पायरी खाली असते. उपग्रह प्रसारित करतो ती जीपीएस वेळ. ती ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. तिच्यात लीप सेकंद घालत नाहीत, म्हणून आज ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आणि टीएआयच्या १९ सेकंद मागे आहे. शिवाय उपग्रहाच्या संदेशात दोन-चार संख्या असतात. जीपीएस वेळेवरून यूटीसी-यूएसएनओचा अंदाज बांधण्यासाठी रिसीव्हर त्या वापरतो. एकंदरीत तुमची पल्स म्हणजे एका अंदाजाचा अंदाज आहे. रशियाची उपग्रह-प्रणाली ग्लोनास थेट लीप सेकंदांसह मॉस्कोच्या वेळेशी बांधलेली आहे. चीनच्या बैदौची वेळ २००६ पासून मोजतात, म्हणून ती जीपीएसच्या १४ सेकंद मागे चालते. युरोपच्या गॅलिलिओने जीपीएसचाच सेकंदांचा फरक कायम ठेवला, हे शहाणपणाचे केले असे मला वाटते.

या दोन-चार संख्या चुकल्या तर काय होते ते २६ जानेवारी २०१६ ला दिसले. एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमधून यूटीसीसंबंधीची चुकीची मूल्ये बऱ्याच उपग्रहांवर चढली आणि काही तास अनेक रिसीव्हर १३.७ मायक्रोसेकंद चुकीची वेळ देत राहिले. स्थान मात्र बिनचूक येत होते, कारण स्थान काढायला या संख्या लागतच नाहीत. त्यामुळे फक्त स्थानावर नजर ठेवून सगळे ठीक आहे असे समजणाऱ्यांना काही कळायला मार्ग नव्हता. ज्यांच्याकडे ताडून बघायला दुसरे घड्याळ होते त्यांना लगेच कळले.

आता मूळ मुद्दा, ताडून बघण्याचा. पूर्वी चालू अणुघड्याळ विमानाने नेऊन दुसऱ्या घड्याळाशेजारी ठेवायचे आणि परत आणायचे. लोरान-सी या रेडिओ साखळीचाही उपयोग व्हायचा. १९८० साली अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्रीय मानक ब्युरोतल्या डेव्हिड ॲलन आणि मार्क वाइस यांनी एक फार साधी युक्ती मांडली. तिला कॉमन व्ह्यू म्हणतात. दोन प्रयोगशाळांनी ठरवून एकाच वेळी एकाच उपग्रहाकडे बघायचे. पहिली लिहून ठेवते 'माझे घड्याळ वजा उपग्रहाचे घड्याळ', दुसरीही तेच करते. दोन्ही नोंदी एकत्र आणून वजाबाकी केली की उपग्रहाचे घड्याळ हिशेबातून निघून जाते आणि उरतो दोन घड्याळांमधला फरक. उपग्रहाची वेळ बरोबर असण्याची गरजच राहत नाही. तो फक्त दोघांना एकदमच दिसला पाहिजे. गुरूच्या चंद्रांची ग्रहणे दोन गावांतून बघून रेखांशातला फरक काढायची सतराव्या शतकातली पद्धत याच तत्त्वावर चालत असे. तिथेही ग्रहण घड्याळाप्रमाणे 'बरोबर' लागण्याशी कोणाला कर्तव्य नव्हते.

या युक्तीचा कस मे २००० पर्यंत रोज लागत होता. तोवर नागरी वापराचा जीपीएस सिग्नल मुद्दाम डळमळीत ठेवला जाई, आणि तो डळमळीतपणा मुख्यतः उपग्रहाच्या घड्याळातच घातलेला असे. एकट्या रिसीव्हरला त्याचा त्रास होई. पण दोन प्रयोगशाळांनी अगदी त्याच सेकंदांना मोजणी सुरू आणि बंद केली, तर वजाबाकीत तो पूर्ण नाहीसा होई. म्हणून बीआयपीएम वेळापत्रक काढत असे: कोणी, कोणत्या उपग्रहाकडे, किती वाजता बघायचे. एक निरीक्षण १३ मिनिटांचे, कारण उपग्रहाचा पूर्ण संदेश उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. वेळापत्रक रोज चार मिनिटे अलीकडे सरकते, कारण उपग्रह नाक्षत्र दिवसात, म्हणजे सुमारे २३ तास ५६ मिनिटांत, पृथ्वीभोवती बरोबर दोन फेऱ्या मारून आकाशात त्याच जागी येतो. आजचे रिसीव्हर दिसतील तेवढ्या सगळ्या उपग्रहांकडे एकदम बघतात, पण वेळनोंदींच्या सीजीजीटीटीएस या प्रमाण स्वरूपात ती तेरा मिनिटे अजून टिकून आहेत.

कॉमन व्ह्यूची अडचण अंतराची. दोन प्रयोगशाळा वेगवेगळ्या खंडांत असतील तर दोघींना एकदम दिसणारे उपग्रह थोडे, आणि तेही दोन्हीकडे क्षितिजालगत. तिथे सिग्नलला वातावरणातून लांब तिरपी वाट काढावी लागते. २००६ पासून बीआयपीएमने वेगळा मार्ग धरला. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या आकाशातले सगळे उपग्रह बघावेत आणि उपग्रहांच्या घड्याळांची चूक वजाबाकीने घालवण्याऐवजी आयजीएस या आंतरराष्ट्रीय सेवेने मागाहून काढलेल्या अचूक कक्षा आणि घड्याळे वापरून दुरुस्त करावी. दोन ठिकाणी एकदम बघायची अट त्यामुळे सुटली. पुढे २००९ पासून कोडबरोबर, म्हणजे वेळ मोजायला सिग्नलवर चढवलेल्या ठरावीक खुणांच्या मालिकेबरोबर, ती वाहून आणणाऱ्या वाहक लहरीची फेजही हिशेबात आली. नागरी कोडचा एक तुकडा सुमारे ३०० मीटर लांब असतो, तर वाहक लहर १९ सेंटिमीटरची. फेज मोजली की गोंगाट फार खाली येतो, पण 'किती पूर्ण लहरी?' हे कोडे उरते आणि ते सोडवायला पुन्हा कोडचाच आधार घ्यावा लागतो. थोडक्यात, चाल फेजवरून कळते आणि वेळ कोडवरून. या पद्धतीची, पीपीपीची, सांख्यिकीय अनिश्चितता ०.३ नॅनोसेकंदाच्या आसपास मानतात. आकडा देखणा आहे, पण तो पूर्ण अनिश्चिततेचा नाही. त्याकडे येतोच.

वाटेतल्या दुरुस्त्या बहुतेक सॉफ्टवेअर करते, तेव्हा त्या भरभर सांगतो. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्व कमी म्हणून त्याचे घड्याळ रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उरलेले ३८ मायक्रोसेकंद घालवण्यासाठी घड्याळाची वारंवारता उड्डाणाआधीच किंचित कमी ठेवतात. कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसते, त्यामुळे उरणारे काही दहा नॅनोसेकंद रिसीव्हरने स्वतः वजा करायचे असतात. सिग्नल येईपर्यंत पृथ्वी फिरलेली असते. त्याची दुरुस्ती विषुववृत्तावर १३३ नॅनोसेकंदांपर्यंत जाते. आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातला, उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून दोन वारंवारता मोजल्या की तो जवळजवळ पूर्ण काढता येतो. त्याची किंमत म्हणजे गोंगाट तिपटीने वाढतो. खालच्या वातावरणाचा उशीर डोक्यावर सुमारे ८ नॅनोसेकंद आणि क्षितिजाकडे त्याच्या कितीतरी पट. तो दोन वारंवारतांनी जात नाही, त्याचे गणित मांडावे लागते.

अँटेनाच्या जागेबद्दल मात्र सॉफ्टवेअरवर विसंबू नका. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. अँटेना नकाशावर पूर्वेला किंवा उत्तरेला थोडा चुकला तर काही उपग्रह जवळ, काही लांब वाटतात आणि सरासरीत बरेच काही भरून निघते. उंची चुकली तर भरून निघत नाही, कारण सगळे उपग्रह वरच्याच बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो. उंचीतली चूक जशीच्या तशी वेळेत उतरते. टायमिंग रिसीव्हर स्वतःच एक-दोन दिवस सरासरी काढून स्थान ठरवतात. त्यांची उंची एखाद-दोन मीटरने चुकलेली असणे नवल नाही. म्हणजे पाच-सहा नॅनोसेकंद पहिल्याच दिवशी गेले. स्थान भूमापनाच्या दर्जाच्या पद्धतीने काढून घ्या आणि ते इमारतीच्या गच्चीचे नको, अँटेनाच्या फेज केंद्राचे, म्हणजे सिग्नल जिथे पोचला असे हिशेबात धरतात त्या बिंदूचे, हवे.

आता पूर्ण अनिश्चिततेकडे. उपग्रहापासून अँटेनापर्यंतचे सगळे नॅनोसेकंद जगभरातल्या लोकांनी मिळून हिशेबात आणले आहेत. अँटेनापासून तुमच्या घड्याळापर्यंतचे फक्त तुमचे आहेत. अँटेनातला ॲम्प्लिफायर आणि फिल्टर काही दहा नॅनोसेकंद घेतात. केबल मीटरमागे चार ते पाच नॅनोसेकंद घेते, म्हणजे ५० मीटर केबलचे दोनशेहून जास्त. रिसीव्हरच्या आत आणखी उशीर, आणि तो प्रत्येक वारंवारतेला व प्रत्येक उपग्रह-प्रणालीला वेगळा. रिसीव्हरला तुमच्या घड्याळाची पल्स देणाऱ्या केबलचा उशीर उलट चिन्हाने येतो. नवशिक्याच्या हिशेबात चिन्हाची चूक हमखास इथेच असते. हे सगळे उशीर स्थिर असतात आणि तीच खरी पंचाईत आहे. वर्षभर सरासरी काढत बसलात तरी स्थिर चूक कमी होणार नाही. वर सांगितलेला ०.३ नॅनोसेकंद हा नुसता थरथरीचा आकडा आहे. कॅलिब्रेशनची, म्हणजे हे उशीर मोजून ठरवण्याची, अनिश्चितता चांगल्या प्रयोगशाळेतही एक ते तीन नॅनोसेकंदांच्या घरात राहते.

कॅलिब्रेशन करायचे तर एक फिरता रिसीव्हर लागतो. तो आपल्या अँटेना आणि केबलसह आधी संदर्भ-प्रयोगशाळेत तिथल्या रिसीव्हरशेजारी काही दिवस चालवतात. मग तुमच्याकडे आणून तुमच्या रिसीव्हरशेजारी, त्याच घड्याळावर चालवतात. अँटेना काही मीटरच्या अंतरावर असल्याने आकाश, आयनांबर, कक्षा सगळे दोघांना समान. वजाबाकीत उरतो तो फक्त उपकरणांचा फरक. नंतर तो फिरता संच परत संदर्भ-प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा मोजतात. जाताना आणि आल्यावर आकडा जुळला नाही तर प्रवासात काहीतरी हलले आहे आणि मधली सगळी मोजणी संशयित ठरते. ही शेवटची पायरी वेळ वाचवायला गाळू नका. कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हातात आले की मी सगळ्यात आधी ही जुळणी कितीची आहे ते पान उघडतो.

त्यानंतर काम उरते ते काही न हलवण्याचे. पल्सची वेळ ती किती व्होल्टला पोचली की धरायची हा उंबरठा दोन उपकरणांत वेगळा असेल तर चढत्या कडेवर एखादा नॅनोसेकंद सहज सरकतो. मध्ये स्प्लिटर घातला, एक जोड बदलला, केबलचे जादा वेटोळे कापून टाकले, की कॅलिब्रेशन संपले. अँटेनाजवळ धातूचा पत्रा किंवा वातानुकूलन यंत्राचा खोका आला की परावर्तित सिग्नल मिसळतात. गच्ची वापरणाऱ्या इतरांना अँटेनाच्या आसपास काहीही ठेवण्याआधी विचारायला लावा. रिसीव्हरच्या खोलीचे तापमान एका अंशात राखलेले बरे.

शेवटच्या काही मीटरांचे महत्त्व दाखवणारे उदाहरण २०११ चे. इटलीतल्या ग्रान सासोच्या भूमिगत प्रयोगशाळेतल्या ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटरच्या वाटेवर प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचताहेत. साहजिकच अनेकांची पहिली शंका उपग्रहांवर गेली. पण सर्न आणि ग्रान सासो यांच्यामधला जीपीएस दुवा चोख होता, दोन-तीन नॅनोसेकंदांत तपासलेला. दोष निघाला तो जमिनीवरच्या रिसीव्हरपासून बोगद्यातल्या उपकरणांपर्यंत वेळ नेणाऱ्या सुमारे आठ किलोमीटरच्या ऑप्टिकल फायबरच्या टोकाशी. तिथला जोड नीट बसला नव्हता आणि त्यामुळे सत्तरहून अधिक नॅनोसेकंदांचा फरक पडत होता. दुसऱ्या एका ऑसिलेटरची चूक उलट दिशेने होती, म्हणून एकूण फरक साठच्या आसपास दिसला.

एकाच पद्धतीवर विसंबल्यास असली चूक आपली आपल्याला दिसत नाही. म्हणून मोठ्या प्रयोगशाळा दुसरा स्वतंत्र मार्गही राखतात. त्यात दूरसंचार उपग्रहामार्फत दोन्ही प्रयोगशाळा एकमेकींना एकाच वेळी सिग्नल पाठवतात. जायची आणि यायची वाट जवळजवळ एकच असल्याने वाटेचा उशीर वजा होतो. १९९९ पासून टीएआयच्या हिशेबात हे दुवे वापरतात. त्यांच्यात दिवस-रात्रीची एक लय दिसते आणि उपग्रहाचे भाडेही भरावे लागते, तेव्हा सगळ्यांना ते परवडत नाही. पण जीपीएसचा दुवा आणि हा दुवा यांच्यातला फरक वर्षानुवर्षे सपाट राहिला, तर दोन्हींवर विश्वास टाकता येतो.

या सगळ्याला वरची मर्यादाही आहे. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या वारंवारतेवर चालणाऱ्या, अणुघड्याळांची अनिश्चितता आता १० चा उणे १८ वा घात इथपर्यंत उतरली आहे. पीपीपीने एका दिवसात साधारण १० चा उणे १५ वा घात गाठता येतो, आणि पूर्ण लहरींची संख्या नेमकी ठरवणाऱ्या सुधारित पद्धतीने काही दिवसांत उणे १६. ऑप्टिकल घड्याळांची एकमेकांशी पूर्ण ताकदीने तुलना करायला उपग्रहांचे सिग्नल कमी पडतात. तिथे फायबरचे दुवे लागतात, आणि ते महासागर ओलांडून न्यायचे कसे हा मोठा प्रश्न आहे. सेकंदाची व्याख्या ऑप्टिकल घड्याळांवर नेण्याच्या तयारीत अशा खंडापलीकडच्या तुलना हा एक अवघड भाग आहे. लीप सेकंदाचे मात्र बऱ्यापैकी ठरले आहे. २०२२ च्या वजने-मापे परिषदेने यूटीसी आणि पृथ्वीचे फिरणे यांतल्या फरकाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवायचा ठराव केला, म्हणजे लीप सेकंद घालायची वेळ सहसा येऊ नये. रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये लीप सेकंदाने घातलेले घोळ बघितलेल्या कोणालाही त्याचे वाईट वाटणार नाही.

तुमच्याकडे काय करायचे? मायक्रोसेकंद पुरेसा असेल तर चांगला टायमिंग रिसीव्हर घ्या. तो शक्यतो दोन प्रणाली ऐकणारा असू द्या. त्याच्या मागे रुबिडियम किंवा चांगला क्वार्ट्‌झ ऑसिलेटर ठेवा, म्हणजे सिग्नल कोणी जाम केला किंवा खोटा पाठवला तरी काही तास वेळ टिकते. जीपीएसच्या संदेशातला आठवड्यांचा आकडा १० बिटांचा असल्याने १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. मागच्या खेपेला हे एप्रिल २०१९ मध्ये झाले, पुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. तेव्हा फर्मवेअर जुने असेल तर त्या तारखा तपासून घ्या. दहा नॅनोसेकंद हवे असतील तर टायमिंग रिसीव्हर पुरणार नाही. बाहेरच्या घड्याळाची पल्स आणि वारंवारता घेऊन सीजीजीटीटीएस नोंदी देणारा दोन वारंवारतांचा रिसीव्हर लागेल, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळेशी रोज नोंदींची देवाणघेवाण करायचा करार. कॅलिब्रेशन तिच्याकडूनच करून घ्या. रिसीव्हर, केबल किंवा अँटेना बदलायची वेळ आली तर जुना संच लगेच उतरवू नका. जुना आणि नवा एकाच घड्याळावर निदान काही आठवडे शेजारी चालू ठेवा, त्यांच्यातला फरक तारखेसह लिहून काढा आणि मगच जुन्याची केबल सोडवा.